चिपळुणात राहून ऐतिहासिक ठिकाणं बघायची आवड जोपासायची आहे, सुरुवात कुठून करू?

सई_चिपळूण

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. घरात नवरा, सासरे, मी आणि पाचवीतला मुलगा. नवऱ्याचं दुकान आहे, त्यामुळे मोकळा दिवस रविवार. सणाला जोडून आला तर दोन दिवस मिळतात, नाहीतर एकच.

मुलाला चौथीत शिवरायांचा इतिहास होता. तेव्हापासून त्याने किल्ल्यांचा ध्यास घेतलाय. दिवाळीत अंगणात किल्ला करतो, तर त्यात पाण्याचं टाकं कुठे आणि चोरवाट कुठे निघते यावरून आजोबांशी वाद घालतो. त्याच्या ओढीने आम्ही रायगड केला, जंजिरा आणि सिंधुदुर्गही केला. पण तिन्ही ठिकाणी सारखंच झालं. रांग, गर्दी, होडीवाल्याने दिलेली घाईची वेळ, माहिती सांगणाऱ्या माणसाचं एका दमात बोलणं, फोटो आणि परत गाडीत. सिंधुदुर्गाहून येताना मुलाने विचारलं, "आई, एवढ्या पाण्यात दगड कुठून आणले?" घरातल्या कुणालाच नीट सांगता आलं नाही, आणि आम्ही जिथे जाऊन आलो तिथे कुणी ते सांगितलंही नव्हतं.

मला यादी पुरी करायची नाहीये. वर्षानुवर्षं चालेल अशी ही आवड घरात रुजावी, एवढीच इच्छा आहे. चिपळूण धरून, रविवारच्या रविवारी जमेल असं, आणि गेल्यावर काय बघायचं ते कळेल असं काही सुचवाल का? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना घरी ठेवून जायचं नाही, कारण जुन्या गोष्टी त्यांनाच जास्त माहीत आहेत.

गडवेडा_रोहा

ताई, जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे, आणि रायगडही कोकणातलाच. तुमचे दोन झालेत. उरलेले तीन करा, मुलालाही आपण जगाने नावाजलेलं बघतोय म्हणून हुरूप येईल. तुम्हाला सुवर्णदुर्ग सगळ्यात जवळ. हर्णैहून होडी मिळते. होडी नाही मिळाली तरी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेतच, आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव.

जुना_मोजणीदार

सईताई, तुमच्या मुलाचा प्रश्न लाखमोलाचा आहे. दगड कुठून आणले, पाणी कुठलं प्यायचे, माल कुठल्या वाटेने यायचा. हे विचारणाऱ्या पोराला सनावळ्या आपोआप पाठ होतात.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. देवगड, राजापूर, गुहागर अशा तालुक्यांत नोकरी झाली. खांद्यावर साखळी टाकून गावंच्या गावं पायाखाली घातली. त्या कामाने अंगी एक सवय लागली. कुठेही उभा राहिलो की आधी नजर जाते ती वाटेवर आणि पाण्यावर. निवृत्तीनंतर जुन्या जागा बघत फिरतो तो त्याच नजरेने. त्यामुळे माझं सांगणं वरच्या मित्रापेक्षा वेगळं आहे. किल्ला धरू नका, खाडी धरा.

कोकणातला जुना व्यवहार खाड्यांवर चालला. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा, पायथ्याच्या पेठेत यायचा, तिथे पडावात, म्हणजे खाडीत चालणाऱ्या होडीत, भरून खाडीने खाली बंदरात, आणि बंदरातून गलबतात. मीठ, खोबरं, सुकी मासळी उलट्या वाटेने वर जायची. खाडीच्या तोंडावर किल्ला, कारण आत येणाऱ्यावर नजर ठेवायची, तोफ रोखायची आणि जकात वसूल करायची. भरतीचं पाणी आत जिथवर पोचतं तिथे पेठ. त्यापुढे घाट, आणि घाटाच्या राखणीला पुन्हा किल्ले. बाणकोट, महाड आणि रायगड ही एका सावित्रीवरची ठिकाणं आहेत. जयगड आणि संगमेश्वर शास्त्रीवरची. नाट्याचा यशवंतगड, जैतापूर आणि राजापूर एका पाण्यावरची. नुसता तोंडावरचा किल्ला बघून परत येणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बघून माघारी फिरण्यासारखं आहे.

तुम्हाला तर खाडी शोधायला जायलाच नको. वाशिष्ठी तुमच्या दारात आहे.

पहिला रविवार गोवळकोटला द्या. तिथला गोविंदगड किल्ला लहान आहे, तटबंदी बरीच पडलीय, काही तोफा आहेत, पाण्याचा तलाव आहे. माणसं दहा मिनिटांत बघून खाली येतात. तुम्ही तसं करू नका. वर बसा आणि खाडी बघा. टेकडीला वळसा घालून पाणी कसं फिरतं, कुठून येणारा पडाव किती वेळ आधी दिसला असता, हे मुलाला ठरवू द्या. शक्य असेल तर भरतीला जा आणि पुन्हा कधीतरी सुकतीला, म्हणजे ओहोटीला जा. सुकतीला चिखलाचे काठ उघडे पडतात, मगरी उन्हाला येऊन पडतात, आणि गाळाने खाडी किती उथळ झालीय ते डोळ्यांना दिसतं. खाली करंजेश्वरीचं देऊळ आहे. तिथे एखादे म्हातारे गृहस्थ भेटले तर गडाचा इतिहास विचारू नका. गलबतं कुठे लागायची ते विचारा. गडाबद्दल सगळे ऐकलेलं सांगतात, गलबतांबद्दल बघितलेलं सांगणारा अजून एखादा निघतो. तुमच्या सासऱ्यांनाही विचारा. मुंबईहून येणाऱ्या बोटी दाभोळला लागायच्या त्या काळातलं काही त्यांच्या घरात बोललं गेलं असेल.

आणखी एक गोष्ट तिथे बसूनच मुलाला सांगा. चिपळूणची पेठ तिथे वसली कारण भरतीचं पाणी तिथवर येतं. घाटावरून उतरलेल्या बैलाला आणि समुद्रातून वर आलेल्या पडावाला भेटायला तीच जागा सोयीची. पण घाटात कोसळलेला पाऊस खाली यायला आणि खालून भरती वर चढायला एकच वेळ गाठली, तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. २२ जुलै २०२१ ला तुम्ही लोकांनी जे भोगलंत त्याला कारणं बरीच आहेत, पण या जागेचा भूगोल त्यात आहेच. ज्याने गावाला भरभराट दिली त्यानेच पूरही दिला. हे पुस्तकात वाचून कळत नाही, गोवळकोटावरून दिसतं. आणि वाशिष्ठीला भर उन्हाळ्यात पाणी का असतं, तर कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीच्या या बाजूला सोडलंय म्हणून. हेही सांगा, पोरांना आवडतं.

दुसरा रविवार खाडीच्या तोंडाशी. शृंगारतळीपर्यंत गुहागरचा रस्ता, तिथून अंजनवेलकडे. गोपाळगडाला जमिनीच्या बाजूने खंदक आहे. आत जायची घाई न करता आधी खंदकापाशी थांबा. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. खंदक खोदायचा आणि त्यातून निघालेला दगड तटाला लावायचा, टाकं खोदायचं आणि तो दगड बुरुजाला लावायचा, ही आपल्याकडच्या किल्ल्यांची नेहमीची रीत. एका कामात दोन कामं. जांभ्याचा चिरा जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उघड्यावर वारा लागला की कडक होत जातो. म्हणून तो जागेवरच काढायचा आणि जागेवरच घडवायचा. सिंधुदुर्गासारख्या ठिकाणी लाटांशी गाठ होती, तिथे पायाचे दगड धरून ठेवायला शिसं ओतल्याचे उल्लेख आहेत, वर चुना.

चुना कसा बघायचा तेही सांगतो. तटाचा एखादा पडका भाग शोधा, जिथे भिंतीचं पोट उघडं पडलंय. बाहेरच्या अंगाला घडीव चिरे, आतल्या अंगाला घडीव चिरे आणि मधे दगडगोट्यांची भर. सांध्यातल्या चुन्याकडे जवळून बघितलंत तर त्यात कधी वाळूचे कण, कधी शिंपल्याचे पांढरे तुकडे दिसतात. समुद्रकाठी चुना शिंपल्यांचा भाजायचे. हात लावून बघू दे, पण उकरू देऊ नका. विहीर असेल तिथे कठड्याचा दगड बघा. दोर घासून पडलेल्या खाचांत मुलाला बोट घालायला सांगा. किती माणसांनी किती वर्षं पाणी ओढलं तेव्हा ती खाच पडली, हे त्या बोटाला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही फलकावर लिहिता येत नाही.

खाडीकडच्या बुरुजावरून पलीकडे दाभोळ दिसतं. मग धोपाव्याला या आणि फेरी बोटीने खाडी ओलांडा. या वाटेने दाभोळला जाण्यात अर्थ आहे, कारण दाभोळ हे पाण्यावरून बघायचं गाव आहे. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौलला उतरला, बहमनी राज्यात फिरला आणि परत निघताना दाभोळहून गलबतात बसला. बिदरपर्यंत ज्याचं नाव चालायचं असं हे बंदर होतं. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय अल्मेदा आरमार घेऊन आला आणि त्याने गाव जाळलं, माणसं कापली. त्यानंतरही दाभोळ पुन्हा उभं राहिलं. धक्क्याच्या जवळच आदिलशाही काळातली मशीद आहे, मोठा घुमट आणि चार मिनार. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. अशी इमारत आपल्या कोकणात दुसरी क्वचितच दिसेल. चपला काढून जा आणि नमाजाची वेळ टाळा. दगडावरचं कोरीव काम डोळे भरून बघा. एवढी इमारत बांधण्याइतका पैसा या धक्क्यावरून जात होता, हे तिथे उभं राहिलं की पटतं. वर चंडिकेचं भुयारी देऊळ आहे. आत समईच्या उजेडातच दर्शन. आजोबांना आवडेल.

तिसरं ठिकाण मी मुद्दाम वेगळ्या दिवसासाठी ठेवलंय, कारण ते घाईने बघायचं नाही. कोटजाई नदी याच खाडीला मिळते आणि तिच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. वाकवलीकडून आत जावं लागतं. एका ताम्रपटामुळे या जागेकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं, शिलाहार राजांचा, इ.स. ११३९ चा. लेणी मात्र त्याहून फार जुनी आहेत. आधी बौद्ध भिक्खूंची, मग बौद्धांच्याच वज्रयान पंथाची, पुढे शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथी. नवीन आलेल्यांनी जुनं लेणं मोडून टाकलं नाही, त्यातच आपला देव बसवला, भिंतीत आणखी थोडं कोरलं. एका लेण्यात उभं राहून हे थर वेगळे काढता येतात का बघा. २९ वं लेणं बाकीच्यांपासून बाजूला आहे, त्याला गौर लेणं म्हणतात. तिथे नाथसिद्धांच्या मूर्ती आहेत. बरेच लोक तिथपर्यंत न जाताच परत फिरतात. तुम्ही नक्की जा.

एवढं झालं की कुंभार्ली घाटात जा, कऱ्हाडला जायच्या निमित्ताने असेल तरी चालेल. एखाद्या वळणावर गाडी सुरक्षित लावून खाली बघा. परशुरामाचं देऊळ तर तुमचं नेहमीचंच. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं आहे, त्यांचं वस्तुसंग्रहालयही बघा. एका खाडीला वर्ष गेलं तरी हरकत नाही.

घरी एक मोठा कागद भिंतीला लावा. त्यावर मुलाला वाशिष्ठी काढू द्या, तोंडापासून घाटापर्यंत. नकाशा छापील नको, त्याच्या हातचा हवा. जिथे जाऊन आलात ती जागा त्याने त्यावर मांडायची आणि शेजारी एक ओळ लिहायची: इथे हे का आहे. बस.

माझ्या मनातली खाडी मात्र वाघोटणची. तोंडावर विजयदुर्ग, थोडं आत गिर्याजवळ गलबतं बांधायची आणि डागडुजीला ओढायची जुनी गोदी, आणि वर आत खारेपाटण. खारेपाटणला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट सापडला, इ.स. १००८ चा. म्हणजे विजयदुर्गाचा तट उठायच्या कितीतरी आधीपासून या पाण्यावर राज्यं चालली. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, आंग्र्यांचं आरमार जळलं, आणि पेशव्यांचं सैन्य तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होतं. तटावर तोफगोळ्यांचे व्रण दाखवतात. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर मला दर वेळी वाईट वाटतं. जहाजं बांधणारे सुतार, लोहार, शिडं शिवणारे, दोर वळणारे, एवढ्या पिढ्यांची विद्या. गोदीची जागा बघितल्याशिवाय त्या आगीत काय गेलं ते कळत नाही.

सई_चिपळूण

काका, हात जोडते. गोवळकोटाला मी लहानपणापासून जातेय, शिमग्याला तर नेहमीच, पण वर बसून खाडी बघा असं कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते दाभोळच्या बोटींबद्दल तासभर बोलत होते.

विजयदुर्गाचं नाव निघालंच आहे तर विचारते. मुलाच्या शाळेत सांगितलं की हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला. हे खरं आहे का? त्याला विज्ञानाचीही आवड आहे, म्हणून नीट सांगायचंय.

विज्ञानशिक्षक_कणकवली

ताई, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो, मुलं जमतात, व्याख्यानं होतात. हा उपक्रम चांगलाच आहे. फक्त घटनांचा क्रम मुलाला बरोबर सांगा.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचा पट्टा भारतावरून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहण नसताना, तिथूनच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्यात एक पिवळी रेषा दिसली, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तेच हेलियम. पृथ्वीवर ते वेगळं काढलं रॅमसे यांनी, १८९५ मध्ये.

मग विजयदुर्गाचा संबंध कुठला? लॉकियर विजयदुर्गाला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्यांची मोठी मोहीम इथे उतरली होती आणि विजयदुर्गच्या निरीक्षणांवर त्यांनी लिहिलंही आहे. किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून जे दाखवतात ते या ग्रहणमोहिमेशी जोडून बघावेत. हेलियमचा शोध लावणारा शास्त्रज्ञ तीस वर्षांनी स्वतः आपल्या किल्ल्यात दुर्बिणी लावून बसला होता, ही गोष्ट काय कमी आहे? उलट मुलाला हे सांगा की एकाच जागी आंग्र्यांचं आरमार आणि सूर्याचा अभ्यास असे दोन्ही इतिहास आहेत. ओट्यांजवळ उभं राहून त्याला विचारा, जानेवारीचं ग्रहण इथून बघणं सोयीचं का पडलं असेल? ऑगस्टात आपल्याकडे आभाळ कसं असतं ते त्याला माहीत आहे, उत्तर तोच देईल. ग्रहणाची तारीख माणसाच्या हातात नसते हे खरं, पण एवढं सामान घेऊन येताना आकाश निरभ्र असण्याची शक्यता बघितली जातेच.

अलिबागकरीण

सगळे किल्ल्यांवर बोलताय, भरती-ओहोटी कशी काढायची ते कुणी सांगितलं नाही. आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला त्याशिवाय जाताच येत नाही. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला किल्ला पाण्यात.

आमच्या आजीचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, आणि ओहोटी मधोमध, सकाळी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते चढतही फार नाही आणि ओसरतही पुरतं नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी लांबपर्यंत मागे जातं, पण ओहोटी येते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणून सोयीचे दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया, चतुर्थी. ओहोटी पुरी व्हायच्या दीड-दोन तास आधी पाणी घोट्याखाली आलं की निघायचं, किल्ला बघायचा आणि पाणी फिरल्यावर रेंगाळायचं नाही. दक्षिणेकडे वेळ थोडी पुढेमागे होते, तेव्हा तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

किल्ल्यात १७५९ मधलं राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, सिद्धिविनायक. त्या देवळासमोरच्या पुष्करणीच्या पायरीवर बसलं की चहूबाजूंनी समुद्र आहे हे विसरायला होतं.

सड्यावरची_बाई

सईताई, मी राजापूर तालुक्यातली. जुनं म्हणजे शिवकाळ किंवा फार तर शिलाहार, एवढ्यावर आपण थांबतो. आमच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर कोरलेली, कातळचित्रं मुलाला दाखवा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, तुमच्या वाटेवर रत्नागिरीजवळ उक्षी. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की शेजारी उभं राहून तो हत्ती आहे हेच कळत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या. काही ठिकाणी गेंडाही कोरलेला आहे. आपल्या कोकणात गेंडा! ज्यांनी कोरला त्यांनी तो बघितला असणार ना.

जायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. तिरप्या उन्हात रेषेच्या खाचेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. दुपारी बाराला तुम्ही त्याच्यावरून चालत गेलात तरी दिसणार नाही. फोटोसाठी रेषांत खडू, चुना, पीठ काहीही भरू नका. पाणीही ओतू नका. चिऱ्याचं कुंपण असेल तर बाहेरूनच बघा. देवाच्या गोठण्याच्या चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते, मुलाकडे होकायंत्र असेल तर बरोबर घ्या. सप्टेंबरात सडा फुलांनी भरलेला असतो, तेव्हा पाय जपून टाका. परतताना कशेळीचा कनकादित्य बघा, सूर्याचं देऊळ, आणि त्यांच्याकडे शिलाहार भोजाचा ११९१ चा ताम्रपट आहे. मोजणीदार काकांच्या ताम्रपटांत आणखी एक.

मालवणचो_झील

सईताय, सिंधुदुर्ग बगून झालो म्हणतास, पण परत येवा. रविवार नको आणि पयली होडी धरा. होडयेत बसाच्या आदी किनाऱ्यारच्या मोरयाच्या धोंड्यार जावा. २५ नोव्हेंबर १६६४ क किल्ल्याचा काम सुरू झाला, तेवाची पुजा थंय झाली. खडकार गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आसत. मगे किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारय बाजून खारा पाणी आणि मदी गोडा. शिवराजेश्वराच्या देवळात घाई करू नकात. किल्ल्यात आजून घरां आसत, माणसां रवतत, तेंच्याशी बोला. तेंका इचारल्यार पावसात किल्ल्यार कसा रवतत ता सांगतीत.

सई_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीला कागद लागला. मुलाने वाशिष्ठी काढलीय, पण उलट्या बाजूने सुरू केली, घाटापासून खाली. तेच बरं वाटलं मला.

पुढच्या रविवारी गोवळकोट. सासरे वर चढणार नाहीत, ते खाली देवळात थांबतील. त्यानंतर अंजनवेल आणि दाभोळ एका दिवसात होईल का? सासऱ्यांना झेपेल असं त्यात काय काय आहे?

जुना_मोजणीदार

होईल, सकाळी लवकर निघालात तर निवांत होईल. घाटापासून खाली काढली हे उत्तम, पाणीही तसंच येतं.

गोपाळगडाजवळ गाडी जाते, चढ नाही, पण आत गवत आणि सुटे दगड असतात. आजोबांना काठी द्या, आणि तटावर चढायचा आग्रह करू नका, दारापाशी सावलीत बसू द्या. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह आहे, तिथे वारा छान लागतो. दुपारचं जेवण पलीकडे जायच्या आधी उरकून घ्या. दाभोळची मशीद रस्त्यालगतच आहे. चंडिकेच्या गुहेत वाकून जावं लागतं, गुडघ्यांना त्रास होईल, तेव्हा त्यांनी बाहेरून हात जोडले तरी चालेल. पन्हाळेकाजीला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, तिथे त्यांना नेणार असाल तर नदीच्या पातळीवरची थोडीच लेणी बघा आणि बाकीची तुम्ही व मुलगा जाऊन या.

फेरी बोटीत गाडी चढते. चढवताना आजोबांना आधीच खाली उतरवून हाताला धरून बोटीत न्या, उताराचं काँक्रीट ओलं आणि निसरडं असतं. बोटीत गाडीत बसू नका, कठड्याशी उभे राहा आणि मुलाला गोपाळगड मागे पडताना दाखवा. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली तर खेडवरून मोठा वळसा पडेल.